रंगाचा डबा उघडण्याआधी: नेरळ–माथेरान मार्गावरच्या स्थानकांसाठी खुलं पत्र

प्रति,
नेरळ–माथेरान रेल्वेमार्गाची देखभाल, दुरुस्ती आणि सुशोभीकरण ज्यांच्या हाती आहे ते सर्व अधिकारी, अभियंते आणि वास्तुविशारद यांस,

सप्रेम नमस्कार.

आमच्या घरी एक कृष्णधवल फोटो आहे. आई, बाबा, दोघांच्या मधे फ्रॉकमधली मी, आणि आमच्या मागे स्थानकाच्या नावाची पाटी. बाबांचं डोकं नेमकं पाटीच्या आड आल्यामुळे नाव पुरतं वाचता येत नाही, ‘वॉटर’ एवढंच दिसतं. उजव्या कोपऱ्यात इंजिनाचा थोडासा भाग आला आहे आणि त्यातून निघालेल्या वाफेने आईच्या पदराची कड पुसट झाली आहे. फोटोच्या पाठीवर तारीख नाही.

बाबा गेल्यानंतर मी आणि धाकटा भाऊ हा फोटो कधीचा ते ठरवायला बसलो. माझे पुढचे दोन दात पडलेले दिसतात, त्यावरून एक अंदाज निघाला. भाऊ म्हणाला, मी फोटोत नाही म्हणजे माझ्या जन्माआधीचा. मी म्हटलं, तुला आजीकडे ठेवून गेलो असू. वाफेच्या इंजिनावरून फार काही ठरेना, कारण या मार्गावर ती 1982 पर्यंत धावली. मग आमचं लक्ष मागच्या सगळ्याकडे गेलं. पाटीची चौकट, तिच्यावरच्या अक्षरांचं वळण, बाकाचा पाय, छपराची कड. यांतलं एकेक कधी बसवलं आणि कधी काढलं हे सांगणारं कुणी भेटलं असतं, तर फोटोचं वर्ष पाच मिनिटांत निघालं असतं. आमच्या घरातला तो दिवस त्या स्थानकाने सांभाळून ठेवला होता, आम्हाला फक्त तो वाचता येत नव्हता.

हे पत्र त्यासाठीच लिहिते आहे. या मार्गावरच्या स्थानकांना हात लावण्याआधी, रंगाचा डबा उघडण्याआधी, एका प्रश्नाचं उत्तर लेखी ठरवून ठेवा अशी माझी कळकळीची विनंती आहे. प्रत्येक स्थानकाचा कुठला काळ जपायचा? ‘जुनं दिसायला हवं’ हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. जुनं म्हणजे 1907 चं, की स्वातंत्र्यानंतरचं, की वाफेचं इंजिन निवृत्त झालं तेव्हाचं? हे ठरलं नाही तर सगळं एकाच वेळी थोडं थोडं जुनं आणि पुष्कळसं नवं होऊन बसतं. आणि तसं झालेलं स्थानक कुठल्याच काळाचं उरत नाही.

तुम्हाला या मार्गाचा इतिहास माहीत आहेच. तरी तो इथे मांडते, कारण स्थानकांबद्दल मला जे म्हणायचं आहे ते त्यातूनच येतं. कल्याणच्या पुढे खोपोलीपर्यंत रेल्वे 1856 मध्ये सुरू झाली. त्याआधी सहा वर्षं, 1850 च्या मे महिन्यात, ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट डोंगर चढून माथेरानच्या पठारावर पोचले होते. मुंबईच्या मंडळींना थंड हवेचं ठिकाण मिळालं आणि पायथ्याशी रेल्वेही आली. पण पायथ्यापासून माथ्यापर्यंत जायला घोडा, पालखी नाहीतर आपले पाय. ही अडचण पुढे जवळजवळ पन्नास वर्षं तशीच राहिली.

ती मिटवली एका बोहरा व्यापारी कुटुंबाने. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा दिला आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी मार्ग उभा केला. खर्च झाला सोळा लाख रुपये, त्या काळचे. सल्लागार अभियंता होते एव्हरर्ड कॅलथ्रॉप, म्हणजे आपल्या बार्शी लाइट रेल्वेचे जनक. (याच कॅलथ्रॉप यांनी पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट तयार केलं. उतारावरून माणसांना सुखरूप खाली आणण्याचा ध्यास त्या गृहस्थांना जन्मभर होता असं मला वाटतं.) 1904 मध्ये काम सुरू झालं आणि 1907 च्या मार्च महिन्यात गाडी माथेरानला पोचली.

रुळांमधलं अंतर 610 मिलिमीटर, म्हणजे दोन फूट. लांबी साधारण 21 किलोमीटर. नेरळ समुद्रसपाटीपासून जेमतेम 40 मीटरवर आणि माथेरान सुमारे 800 मीटरवर. काही ठिकाणी चढ वीसला एक आहे. वीस मीटर पुढे जायचं आणि एक मीटर वर चढायचं, तेही दाती रुळाच्या, म्हणजे इंजिनाचं दातेरी चाक ज्यात अडकतं त्या मधल्या रुळाच्या, आधाराशिवाय. निलगिरीच्या गाडीला अवघड चढावर दाती रूळ आहे, इथे लोखंडावर लोखंडाची पकड एवढाच आधार. म्हणून मार्ग डोंगराला वळसे घालत जातो. गाडीची दिशा उलटवण्यासाठी वेगळं स्थानक लागू नये म्हणून घोड्याच्या नालेसारखा भराव घातला आणि गाडी त्यावरून फिरवली. सगळ्या मार्गात बोगदा एकच, ‘वन किस टनेल’, आणि त्याचं नाव शाळकरी पोरांनाही पाठ असतं.

बोगद्याचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. स्थानकांची नावं मात्र किती जणांना सांगता येतील? नेरळ आणि माथेरान सोडून मधली तीन, क्रमाने?

जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज.

या तिघांपैकी एकही स्थानक एखाद्या मोठ्या गावासाठी बांधलेलं नाही. डोंगरातल्या एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला बाजूला उभं राहायला जागा लागते, म्हणून जुम्मापट्टीला जादा रूळ टाकला. खाली येणारी आणि वर जाणारी गाडी तिथे एकमेकींना वाट देतात. मे महिन्यात तिथे थांबलं की आसपासच्या ठाकर आणि कातकरी वाड्यांतल्या बाया करवंदं आणि जांभळं घेऊन येत, पानांच्या द्रोणात. वर जाणारी गाडी थांबली की वरून येणारीची शिटी कधी ऐकू येते म्हणून आम्ही मुलं कान लावून बसायचो. रेल्वेच्या भाषेत याला क्रॉसिंग म्हणतात. आमच्या लेखी तो सोहळा होता.

वॉटर पाइपचा तर जन्मच इंजिनाच्या तहानेतून झाला. या मार्गासाठी जर्मनीतल्या ओरेनस्टाइन अँड कोपेल या कारखान्याने चार इंजिनं बनवली होती. लहान चणीची, सहा चाकांची. एवढ्या तीव्र वळणांवर चाकं अडकू नयेत म्हणून त्यांच्या टोकाच्या आसांना थोडं सरकता आणि वळता येईल अशी खास रचना होती. इंजिन लहान, म्हणजे टाकीही लहान. आणि चढ असा, की पाण्याची वाफ होत राहायची आणि टाकी रिकामी होत जायची. नेरळहून भरून घेतलेलं पाणी माथ्यापर्यंत पुरायचं नाही, मग वाटेत पाणी पाजायला थांबणं आलं. त्या थांब्याला कुणी देवाचं, साहेबाचं किंवा गावाचं नाव दिलं नाही. जे काम तिथे व्हायचं तेच नाव झालं.

आता डिझेलला पाणी लागत नाही. तरी पाटीवर नाव तेच आहे. मला हे फार मोलाचं वाटतं. वाफेच्या युगातल्या पुष्कळशा वस्तू संग्रहालयात जाऊन बसल्या. त्या चार इंजिनांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. पण ‘वॉटर पाइप’ हे नाव अजून मूळ जागी, डोंगराच्या कुशीत, ऊनपावसात उभं आहे. त्या इंजिनाला किती अंतरावर तहान लागायची याचं ते जमिनीवर काढलेलं मोजमाप आहे. संग्रहालयातलं इंजिन हे सांगू शकत नाही, कारण त्याच्याभोवती डोंगर नाही.

अमन लॉज वेगळं आहे. दस्तुरीला मोटारींचा रस्ता संपतो, कारण माथेरानमध्ये मोटारी चालत नाहीत, आणि त्या सीमेवर हे स्थानक आहे. 2012 पासून इथून माथेरानपर्यंत शटल सुरू झाली आणि एकेकाळचा हा वाटेवरचा थांबा गर्दीचा झाला. माथेरानचं स्थानक ऐन बाजारपेठेत. उतरलं की समोर लाल मातीचा रस्ता, घोडे, आणि सामान उचलायला धावून येणारी माणसं. नेरळचं वैशिष्ट्य तर भारतात फार थोड्या ठिकाणी दिसेल: एका बाजूला 1676 मिलिमीटरचा मोठा रूळ, दुसऱ्या बाजूला 610 मिलिमीटरचा धाकटा. पुण्याकडे धडधडत जाणारी गाडी आणि तिच्या शेजारी खेळण्यासारखी वाटणारी ही. पण खेळणं म्हणून तिच्याकडे पाहिलं की बिघडतं, त्याबद्दल पुढे लिहिते.

गेल्या वीस वर्षांत या मार्गाने जे सोसलं ते तुम्ही जवळून पाहिलं आहे. 26 जुलै 2005 च्या पावसाने रूळ आणि भराव वाहून नेले, आणि गाडी पुन्हा सुरू झाली ती शताब्दीच्या वर्षात, 2007 मध्ये. मे 2016 मध्ये एका आठवड्याच्या अंतराने डबे घसरले आणि सेवा थांबली. 2017 च्या अखेरीस शटल आणि 2018 च्या जानेवारीत पूर्ण मार्ग पुन्हा सुरू झाला. 2019 च्या पावसाळ्यात पुन्हा दरडी, पुन्हा वाहून गेलेला मार्ग. नेरळहून थेट माथेरानला गाडी निघाली ती 22 ऑक्टोबर 2022 ला. प्रत्येक वेळी डोंगरात, जिथे यंत्र पोचत नाही अशा जागी, गँगमननी आणि मजुरांनी खांद्यावरून सामान वाहून हा मार्ग परत उभा केला असणार. त्यांच्यापुढे मी हात जोडते. हवेच्या दाबावरचे ब्रेक आले, कठडे आले, हे उत्तमच झालं. पूर्वी डब्याडब्याला ब्रेकमन असायचा आणि इंजिनाच्या शिटीवर हाताने ब्रेक आवळायचा. ती कला मोठी होती, पण प्रवाशांच्या जिवापेक्षा मोठी नव्हती. वारसा आणि सुरक्षितता यांचं भांडण लावणाऱ्यांपैकी मी नाही.

माझी काळजी वेगळी आहे. या सगळ्या खंडांत, आणि दरवर्षी पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते तेव्हा, माथेरान आणि अमन लॉज शटलमुळे जागती राहतात. नेरळ मुख्य मार्गावर असल्यामुळे झोपत नाहीच. एकटी पडतात ती जुम्मापट्टी आणि वॉटर पाइप. रूळ वाहून गेला तर ती बातमी होते. मधल्या स्थानकाचं एक कौल उडालं, पाटी गंजली, बाक मोडला, तर ते कळायला तिथे माणूस असावा लागतो. आणि नंतर कधीतरी निधी येतो तेव्हा घाईने सगळंच बदलून टाकण्याचा मोह होतो. चकचकीत फरशी, स्टीलचे बाक, प्लास्टिकची उजळ पाटी, देशभर एकाच साच्यातून निघालेली. मी इथे कुणावर ठपका ठेवत नाही. चांगल्या हेतूने आणि वेळेच्या दबावाखाली हे कुणाच्याही हातून होईल, म्हणून आधीच लिहिते आहे.

इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यात ब्लूबेल रेल्वे नावाचा एक जपलेला मार्ग आहे. त्यांनी स्थानकांचं काय केलं ते आपल्याला उपयोगी पडेल असं वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. ल्यूइस ते ईस्ट ग्रिन्स्टेड हा तो मार्ग 1882 चा. तोटा होतो म्हणून ब्रिटिश रेल्वेने 1955 मध्ये तो बंद केला. तिथल्या मॅज बेसेमर नावाच्या बाईंनी मूळ कायदा काढून वाचला. 1878 च्या त्या कायद्यात रोज गाड्या चालवण्याचं बंधन रेल्वेवर घातलेलं होतं आणि ते कुणी रद्द केलेलं नव्हतं. ब्रिटिश रेल्वेला 1956 मध्ये गाड्या पुन्हा सुरू कराव्या लागल्या. पण कायद्यात ज्या स्थानकांची नावं नव्हती ती बार्कोम आणि किंग्सकोट ही दोन स्थानकं वगळून. कागदावर नाव असणं आणि नसणं यातला फरक किती मोठा असतो, बघा. पुढे संसदेकडून त्या बंधनातून सुटका करून घेऊन 1958 मध्ये मार्ग परत बंद झाला. मग हौशी मंडळी एकत्र आली, संस्था काढली, आणि 7 ऑगस्ट 1960 रोजी स्वयंसेवकांच्या बळावर त्यातल्या एका तुकड्यावर गाडी चालू केली. वेल्समध्ये टॅलिलिन नावाच्या छोट्या रेल्वेच्या मंडळींनी 1951 मध्ये जगात पहिल्यांदा हे करून दाखवलं होतंच.

आता मुद्द्यावर येते. ब्लूबेलच्या मंडळींकडे तीन स्थानकं होती आणि तीनही वापरून वापरून बदललेली. ती सगळी ‘जुन्या पद्धतीची’ करून टाकणं सोपं होतं. त्यांनी प्रत्येकाला एकेक काळ वाटून दिला. शेफिल्ड पार्क हे स्थानक मार्ग सुरू झाला त्या व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं, तेव्हाच्या कंपनीच्या रंगांत. हॉर्स्टेड कीन्स दोन महायुद्धांच्या मधलं, जेव्हा कंपन्या एकत्र होऊन सदर्न रेल्वे झाली होती. आणि किंग्सकोट, तेच कायद्यात नाव नसलेलं, 1950 च्या दशकातल्या सरकारी ब्रिटिश रेल्वेच्या रूपात. गाडीत बसून एका टोकापासून निघालेला माणूस तासाभरात सत्तर वर्षं पुढे सरकतो. पाट्यांची अक्षरं बदलतात, दिवे बदलतात, भिंतींचे रंग बदलतात. शाळेतल्या मुलांना इतिहास म्हणजे काय हे सांगायला यापेक्षा सोपी युक्ती मला तरी माहीत नाही.

आणि त्याच मार्गावर वेस्ट होथली नावाचं एक स्थानक होतं. मार्ग बंद असताना ते पाडून टाकलं गेलं. संस्थेने पुढे रूळ परत टाकले, 1994 मध्ये गाडी किंग्सकोटपर्यंत आणि 2013 मध्ये ईस्ट ग्रिन्स्टेडपर्यंत नेली. वेस्ट होथलीवरून गाडी आज जाते, थांबत नाही. थांबायला तिथे काही राहिलेलं नाही. रूळ परत टाकता आले, स्थानक परत आणता आलं नाही.

आपल्याकडे तर पाच स्थानकं आहेत. नमुन्यादाखल माझ्या मनातली वाटणी सांगते, तुमची वेगळी असू शकेल. वॉटर पाइप वाफेच्या काळाचं असावं, त्याच्या नावाला तेच शोभेल. पाणी भरण्याच्या व्यवस्थेचं जे काही तिथे उरलं असेल, एखादा पाइप, एखादा दगडी ओटा, ते जागचं हलवू नये. जुम्मापट्टीला डिझेलच्या सुरुवातीच्या दशकांचा काळ द्यावा, पुठ्ठ्याच्या तिकिटांचा आणि ब्रेकमनचा. तिथल्या क्रॉसिंगला थांबलेल्या प्रवाशाला दोन गाड्या एका रुळावरून कशा जातात हे मराठीत समजावणारा एक फलक लावावा. माथेरानला पीरभॉय पितापुत्रांचा काळ. अमन लॉज आजच्या गर्दीचं आहे, ते खुशाल आजचं असू द्या आणि तिथे हव्या त्या सोयी करा. नेरळमध्ये दोन मापांचे रूळ शेजारी शेजारी आहेत हेच जपण्यासारखं आहे, त्यांच्यामधे भिंत किंवा दुकान येऊ नये एवढं पाहा.

स्वच्छतागृहं हवीत, चाकाच्या खुर्चीसाठी उतार हवा, पिण्याचं पाणी हवं, याबद्दल दुमत नाही. माझेच गुडघे आता ऐकत नाहीत. पण नवी गोष्ट नवी म्हणून ओळखू यावी, जुन्या इमारतीला थोडी सोडून असावी, आणि उद्या काढायची झाली तर मूळ भिंतीला इजा न होता निघावी. जुनी कौलं आणि चौकटी दुरुस्त होत असतील तर दुरुस्त कराव्यात, नाइलाज झाला तरच बदलाव्यात. ही काही माझी कल्पना नव्हे, वास्तू जपणारे लोक जगभर हेच सांगतात. आणि एखाद्या भिंतीला रंग द्यायच्या आधी एका कोपऱ्यात हातभर जागा हलक्या हाताने खरवडून पाहावी. खाली रंगांचे थर निघतात, एकाखाली एक, आणि प्रत्येक थर म्हणजे कुणीतरी कधीतरी घेतलेला निर्णय असतो. सगळं खरवडून साफ केलं की ही वही कायमची फाटते.

याला एक व्यावहारिक बाजूही आहे. दार्जिलिंगची रेल्वे 1999 मध्ये, निलगिरीची 2005 मध्ये आणि कालका–सिमला 2008 मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. माथेरानचं नाव 2005 मध्ये संभाव्य यादीत घातलं गेलं. त्या यादीसाठी जे निकष लावतात त्यात अस्सलपणा आणि अखंडपणा हे दोन फार महत्त्वाचे. म्हणजे जे आहे ते खरोखर त्या काळचं आहे का, आणि ते पुरतं आहे का, तुकड्यातुकड्यांत नाही ना? म्हणून अमन लॉज ते माथेरान एवढीच शटल कितीही सोयीची असली, तरी ती म्हणजे माथेरानची रेल्वे नव्हे. नेरळपासून दोन-अडीच तास घेऊन, पाचही स्थानकांना ओळख देत वर जाणारी गाडी हीच ती रेल्वे. वेळापत्रकात मधल्या स्थानकांसाठी पाच-दहा मिनिटं राखून ठेवा. लोकांना उतरू द्या, पाटी वाचू द्या, फोटो काढू द्या. या गाडीला सगळे लाडाने खेळण्यातली गाडी म्हणतात, मीही लहानपणी म्हणायचे. पण खेळण्याला स्थानकं लागत नाहीत. इथे स्थानकं आहेत, कारण ही खरी रेल्वे आहे, खऱ्या कामासाठी, खऱ्या चढावर बांधलेली.

आता पुराव्याचा प्रश्न. कुठलं स्थानक कधी कसं दिसत होतं हे कळणार कुठून? तुमच्या दप्तरात नकाशे असतील, दुरुस्तीच्या नोंदी असतील, त्या पाहाव्यातच. पण याहून मोठं दप्तर लोकांच्या कपाटांत पडलेलं आहे. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक इथल्या किती घरांत माथेरानचे फोटो असतील! लग्नानंतरची पहिली सहल, शाळेची सहल, कंपनीची सहल, आजोबांची साठी. प्रत्येक फोटोत माणसं हसत समोर उभी आणि मागे, कुणाचंही लक्ष नसताना, पाटी, बाक, छप्पर, दिवा, घड्याळ, इंजिन. फोटो काढणाऱ्याला स्थानक टिपायचंच नव्हतं, म्हणून तर त्याने ते आहे तसं टिपलं. अशा हजारो फोटोंना एकत्र ठेवून तारखा लावल्या, तर पाचही स्थानकांचा वर्षावर्षाचा चेहरा डोळ्यांपुढे उभा राहील.

यासाठी फार खर्च लागत नाही. नेरळ आणि माथेरानच्या स्थानकांत एक टेबल, एक स्कॅनर, फोटो हाताळायला शिकवलेला एक माणूस, आणि लोकांना मराठीत केलेलं आवाहन: तुमचा फोटो आणा, आम्ही प्रत काढून मूळ लगेच परत देतो, मागे कोण आहे, कधीचा आहे, आठवतं तेवढं सांगा. आठवणी सांगणारी पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. या मार्गावर नोकरी केलेले फायरमन, ब्रेकमन, स्टेशन मास्तर, पाणी भरणारे, त्यांच्या घरच्यांना विचारायला हवं, आणि यंदाच विचारायला हवं. वाड्यांतल्या म्हाताऱ्या बायांनाही विचारा, ज्यांनी आयुष्यभर त्या फलाटांवर करवंदं विकली. वॉटर पाइपला इंजिन किती वेळ थांबायचं हे त्या कुठल्याही वेळापत्रकापेक्षा नेमकं सांगतील, कारण तेवढ्या वेळात त्यांना टोपली रिकामी करायची असायची.

माझ्याकडून सुरुवात म्हणून आमच्या फोटोची प्रत द्यायला मी तयार आहे, मूळ फोटो घेऊन स्वतः येईन. भिंगातून पाहिलं तर त्यात पाटीचा डावा खांब किंचित आत झुकलेला दिसतो आणि त्याच्या बुंध्याशी चुन्याचा पांढरा पट्टा आहे, साधारण माझ्या तेव्हाच्या गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत. तुमच्यापैकी कुणी पाहणीसाठी त्या बाजूला जाईल तेव्हा तो खांब अजून तसाच झुकलेला आहे का, तेवढं बघून ठेवावं. बदललेला असेल तर कधी बदलला ते एखाद्या नोंदवहीत असेल. ते वर्ष कळलं, तर माझ्या भावाशी चाललेला वादही मिटेल.

आपली नम्र,
माथेरानच्या गाडीची एक जुनी प्रवासी